खिळे कोणत्या बाजूला?

‘शॉक नाही हो, नुसती टिचकी आहे.’

कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा रिमोटचा पट्टा ज्यांनी विकत घेतलाय, त्यांच्याशी बोलायला बसलं की पहिलं वाक्य हे येतं. दुसरं, ‘आधी स्वतःच्या हाताला लावून पाहिला, मगच कुत्र्याला बांधला.’ तिसरं, ‘काठीपेक्षा बराच की!’ आणि चौथं, जरा आवाज चढवून, ‘तुम्हाला बोलायला काय जातं? आमच्या वस्तीवर येऊन चार रात्री काढा.’

ही चार वाक्यं मी संगमनेरला ऐकली, राहुरीला ऐकली, नगरच्या सावेडीत बंगल्यांच्या फाटकाशीही ऐकली. (जिल्ह्याचं नाव 2024मध्ये अहिल्यानगर झालं, बोलताना अजून नगरच तोंडात येतं, तसंच इथेही येईल.) पहिली तीन वाक्यं पोकळ आहेत. चौथं पोकळ नाही, म्हणून त्याला जास्त वेळ देणार आहे.

आधी ती वस्तू नीट पाहू. पट्ट्याला एक प्लास्टिकची डबी. डबीतून आतल्या बाजूला आलेली धातूची दोन बोंडं. ही बोंडं केसांतून थेट कातडीला टेकली पाहिजेत, म्हणून पट्टा घट्ट बांधावा लागतो. सैल राहिला तर झटका बसत नाही आणि मालक म्हणतो पट्टा खराब निघाला. हातात रिमोट. त्यावर एक बटण शिट्टीचं, एक व्हायब्रेशनचं, एक झटक्याचं, आणि झटका कमी-जास्त करायला आकडे. दुसरा प्रकार रिमोटशिवायचा. त्यात कुत्रा भुंकला की घशाच्या कंपनावर किंवा आवाजावर पट्टा आपोआप झटका देतो. स्वस्तातल्या पट्ट्याला भुंकणारा कुत्रा आपला की शेजारचा हे कळेलच असं नाही, त्यामुळे कधी कधी भुंकतो एक आणि शिक्षा होते दुसऱ्याला. दिवसभर पट्टा तसाच राहिला तर बोंडांखालची कातडी दबते, ओल धरते, चिघळते. बऱ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलंच असतं की ठरावीक तासांनी पट्टा काढा, जागा बदला. आपल्याकडे एकदा बांधलेला पट्टा पुन्हा कोण सोडतो? मानेचे केस बाजूला करून पाहिलं की दोन गोल, केस गेलेले, ओलसर चट्टे दिसतात. एवढ्या जवळून पाहायची सवय मालकाला नसते. ते दिसतं जनावरांच्या डॉक्टरला, आणि तेही कुत्रा भलत्याच तक्रारीसाठी आणला असेल तर.

आता ती टिचकी. पट्टा विकणारा एका दमात दोन गोष्टी सांगतो. एक, हा अजिबात दुखत नाही. दोन, याने कुत्रा हमखास सुधारतो. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. सशामागे सुसाट सुटलेला कुत्रा एखाद्या टिचकीने थांबला असता, तर त्याला मालकाच्या हाकेनेही थांबायला हरकत नव्हती. तो थांबतो, कारण त्याला दुखतं. न दुखणारा आकडा असतो, नाही असं नाही. पण त्या आकड्यावर काम होत नाही. मग आकडा वाढतो. आज चारवर चालत होतं, पुढच्या महिन्यात सातवर जावं लागतं. मालक म्हणतो कुत्रा निबर झालाय. निबर दोघंही होत असतात.

आणि स्वतःच्या हाताला लावून पाहणं ही तर निव्वळ फसवणूक आहे, आपली आपल्यालाच केलेली. हाताला लावताना बटण आपल्याच दुसऱ्या हातात असतं. झटका कधी येणार, किती येणार, का येणार आणि कधी थांबणार हे सगळं माहीत असतं. कुत्र्याला यातलं एकही माहीत नसतं. शिवाय तळहाताच्या राठ कातडीवर, खुर्चीत बसून, हसत हसत घेतलेला झटका आणि मानेवर अचानक बसलेला झटका यांचं माप एक नाही. ज्याला खरोखर पाहायचं असेल त्याने पट्टा स्वतःच्या गळ्यात बांधावा, रिमोट मेहुण्याकडे द्यावा आणि दिवसभर कामाला लागावं.

कुत्रा या झटक्यातून काय शिकतो, खरा प्रश्न तो आहे. मालकाला वाटतं, तो ‘भुंकू नये’ हे शिकला. जनावर मात्र त्या क्षणी समोर जे दिसतं, ऐकू येतं, वासाला येतं, त्याच्याशी ते दुखणं जोडतं. वस्तीवर सकाळी सहाला डेअरीचा माणूस मोटरसायकलवर दोन्ही बाजूंना कॅन लटकवून येतो. कुत्रा धावतो, भुंकतो. ओट्यावरून बटण दाबलं जातं. कुत्र्याच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काय आहे? मोटरसायकल, कॅनचा खडखडाट, दुधाचा वास आणि तो माणूस. चार सकाळी असं झालं की कुत्र्याच्या लेखी तो माणूस म्हणजेच मानेतली कळ. काही कुत्री मग लपतात, आणि मालक खूश होतो. काही कुत्री भुंकण्याची पायरी गाळतात आणि थेट चावतात. भुंकणं म्हणजे इशारा असतो. इशारा दिला की दुखतं हे कळलेला कुत्रा इशारा देणं सोडतो, राग सोडत नाही. मग ‘काही न करता, एकदम चावला’ अशी बातमी गावात होते.

याला नुसता माझा तर्क म्हणू नका. नेदरलँड्समध्ये शिल्डर आणि व्हॅन डर बॉर्ग या दोघांनी 2004मध्ये राखणीच्या कामासाठी तयार होणाऱ्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. झटके खाल्लेली कुत्री नुसत्या प्रशिक्षणाच्या मैदानावरच नव्हे, तर बागेत मोकळी फिरतानाही ताणाखाली दिसली. कान मागे, शेपूट खाली. मालक जवळ आला, आज्ञा कानावर पडली, की आता काहीतरी होणार हे त्यांनी धरूनच ठेवलेलं होतं. ‘पोलीस-मिलिटरीतही लावतात’ असं सांगणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं, कारण ही कुत्री त्याच जातकुळीच्या कामातली होती. हॅनोव्हरला शाल्के आणि सहकाऱ्यांनी 2007मध्ये बीगल जातीच्या कुत्र्यांवर केलेला प्रयोग याहून बोलका आहे. त्यांनी लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण वाढला की वाढणारं संप्रेरक, मोजलं. बनावट सावजाला तोंड लावलं त्याच क्षणी ज्यांना झटका बसला, त्यांना ताण सर्वांत कमी. बोलावूनही आली नाहीत म्हणून ज्यांना बसला, त्यांना जास्त. आणि ज्यांना कधीही, कशाही बसला, त्यांना सर्वांत जास्त. आता ओट्यावर चहा पीत, फोनवर बोलत, वैतागून बटण दाबणारा माणूस यातल्या कोणत्या गटात बसतो, ते सांगायला संशोधक लागत नाही.

‘आमचा मात्र किती शांत झाला बघा,’ हे प्रशस्तिपत्रक सगळ्यांत फसवं. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967मध्ये अमेरिकेत कुत्र्यांवर जे प्रयोग केले ते आज कोणी करू देणार नाही. ज्या कुत्र्यांना काहीही केलं तरी न चुकणारे झटके दिले गेले होते, त्यांतली बरीचशी पुढे सुटायची वाट मोकळी असतानाही उठली नाहीत. झटके खात पडून राहिली. तिथले झटके पट्ट्याच्या झटक्यापेक्षा कडक होते, हे मान्य. पण पडून राहणारं जनावर ‘शहाणं झालं’ असं आपल्याला वाटतं, ही आपली नजरचूक तीच आहे.

काठीचं घ्या. काठीपेक्षा पट्टा बरा म्हणणाऱ्यांनी नकळत कबूल केलंय की आपण काठीने मारत होतो. ते खरंच आहे. आपल्याकडे कुत्र्याला दगड उचलणं ही सवय आहे, आणि ती भूतदयेच्या चार व्याख्यानांनी गेलेली नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, दत्ताभोवती चार असतात, असं सांगून मी कोणाला गप्प करणार नाही. पारनेरच्या कोरठण खंडोबाला जाऊन भंडारा उधळणारा माणूस परतीच्या वाटेवर कुत्र्याला लाथ घालू शकतो. आपण नंदीला हात जोडून बैलाला पराणी टोचणारी माणसं आहोत. देवाच्या दाखल्याने जनावराचं फारसं भलं झालेलं नाही. पण काठीत एक अडचण असते, आणि ती अडचणच तिचा गुण आहे. काठी घ्यायला उठावं लागतं. चालत जावं लागतं. हात दुखतो. शेजारची म्हातारी बघते आणि ‘मेलं मुकं जनावर, कशाला मारतो रे’ म्हणते. मारणाऱ्याला आपण मारतोय हे दिसतं. बटणात यातलं काहीच नाही. अंगठा दमत नाही, वण वरून दिसत नाही, म्हातारीला कळत नाही आणि मारणाऱ्याला आपण ‘ट्रेनिंग’ देतोय असं वाटत राहतं. काठी वाईटच, पण तिला निदान लाज होती.

आणि विजेच्या धक्क्याबद्दल तर या राज्याने निकाल आधीच देऊन ठेवलाय, फक्त तो कुत्र्यापर्यंत पोचलेला नाही. बैलगाडा शर्यती आठवा. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी त्या थांबवल्या. राज्याने 2017मध्ये कायदा दुरुस्त केला, 16 डिसेंबर 2021ला अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023ला घटनापीठाने तो कायदा मान्य केला. नगर, पुणे, सातारा, सांगलीत शर्यतीच्या घाटांत गुलाल उधळला गेला. पण ज्या नियमांच्या जोरावर हे सगळं झालं, त्या नियमांत काठी, चाबूक, पिंजरी यांच्याबरोबर विजेचा धक्का देणाऱ्या साधनालाही मनाई आहे. शौकिनांच्या भाषेत सांगायचं तर, बैलाला बॅटरी लावायची नाही. लावली, बैलाचे हाल केले, तर 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. हे नियम कोणा शहरी प्राणिमित्राने लादलेले नाहीत; शर्यती हव्यात म्हणणाऱ्यांनीच ते मान्य केले, कारण बॅटरी लावून पळवलेल्या बैलात मर्दुमकी नाही हे त्यांनाही पटलेलं होतं. हजारो माणसांसमोर, काही सेकंदांच्या बारीत, बैलाला जे करायचं नाही, ते घरच्या अंगणात रोज, कुत्र्याच्या मानेला करायचं? आणि त्या कुत्र्यासाठी कायदा कोणता, तर 1960चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, ज्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. पट्ट्याची किंमत हजारांत आणि हाल केल्याचा दंड एका वडापावच्या प्लेटीएवढा.

आता वस्तीकडे येऊ. इथे मात्र सावध बोलावं लागतं.

अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात ज्याचं घर उसाला लागून आहे, त्याला बिबट्या हा चर्चेचा विषय नाही. गोठ्यामागे उमटलेला पंजा आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या खोऱ्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2013मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला 300हून अधिक माणसं राहतात अशा या भागात 100 चौरस किलोमीटरमागे पाचेक प्रौढ बिबटे निघाले. जंगल नाही, अभयारण्य नाही. ऊस आणि माणसं. हे बिबटे खातात काय, हेही त्यांनी विष्ठेवरून तपासलं. खाल्लेल्या मांसाच्या वजनात सर्वांत मोठा वाटा, 39 टक्के, कुत्र्यांचा. शेळ्या-मेंढ्या भरपूर असूनही आधी कुत्रा. म्हणजे आपल्या जिल्ह्यात वस्तीवरचा कुत्रा ही बिबट्याची भाकरी आहे.

ज्यांनी हे सोसलं त्यांनीच यावर एक उपाय काढला, आणि तो कुठल्याही कंपनीने विकलेला नाही. खिळ्यांचा पट्टा. चामड्याच्या किंवा पत्र्याच्या पट्टीतून ठोकून बाहेर काढलेले टोकदार खिळे. बिबट्या कुत्र्याला धरतो तो गळ्याला. तिथे दात घालायला गेला की खिळे लागतात आणि कुत्रा कधी कधी वाचतो. नेहमी नाही. पण मालकाने आपल्या परीने कुत्र्याच्या बाजूने काहीतरी केलेलं असतं. 2025च्या नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या भीतीने माणसांनीच असे पट्टे गळ्यात घातले, त्याचे फोटो देशभर फिरले. तेव्हा लोक हसले. ज्यांच्या गावातली माणसं गेली त्यांना हसू येत नव्हतं.

हे दोन पट्टे शेजारी ठेवा. एकाचे खिळे बाहेर वळलेले, बिबट्याकडे. दुसऱ्याची बोंडं आत वळलेली, कुत्र्याकडे. ‘वस्तीवर येऊन राहा’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मला एवढंच विचारायचं आहे : रात्री दोनला उसाच्या कडेला काहीतरी हललं, कुत्र्याने गळा काढला, तर तुम्हाला तो आवाज हवाय की नकोय? आपोआप झटका देणारा पट्टा बिबट्यावर भुंकणं आणि शेजारणीवर भुंकणं यात फरक करत नाही. सावेडीच्या बंगल्यात शेजाऱ्याने तक्रार केली म्हणून कोणी तो बांधला, तर ते क्रूर आहे. वस्तीवर बांधला, तर क्रूर आहेच, शिवाय मूर्खपणाही आहे, कारण घरातला एकमेव जागा पहारेकरी तुम्ही मुका करून ठेवलाय.

यावर वस्तीवाले म्हणतात, भुंकण्याचा नको, पण रिमोटचा हवा. कुत्रा बिबट्यामागे उसात घुसतो, त्याला परत फिरवायला. हा सगळ्यांत प्रामाणिक मुद्दा, म्हणून त्याचं चित्र नीट डोळ्यांसमोर आणा. अंधार आहे. दहा-बारा फूट ऊस. कुत्रा दिसत नाही; तो काय करतोय ते कळत नाही. आवाज आला आणि तुम्ही बटण दाबलं. समजा त्या क्षणी तो खरंच बिबट्यासमोर उभा आहे. ज्या क्षणी त्याचं सगळं लक्ष समोर हवं, त्या क्षणी तुम्ही त्याच्या मानेला मागून झटका दिलात. कुत्रा दचकेल, मान वळवेल, कदाचित केकाटत जागीच फिरेल. पुढचं सांगायला नको. कुत्रा वाचवायचा असेल तर तो दिवस मावळल्यावर उसात जाऊच शकणार नाही अशी तजवीज लागते : जाळीचा, वरून झाकलेला, आत फिरायला जागा असलेला पिंजरा, घराच्या भिंतीला लागून. गोठा बंदिस्त करा असं वन विभाग जे शेळ्या-वासरांसाठी सांगतो, तेच कुत्र्यालाही लागू. आतूनही तो भुंकेल, आणि तेच तर हवंय.

काही जण दुसरं उदाहरण देतात. शेताच्या कडेने आपण झटका मशीन लावतोच की! रानडुकरं येऊ नयेत म्हणून सौर कुंपण, मका वाचतो, जनावरही मरत नाही. मग कुत्र्यालाच का वेगळा न्याय? प्रश्न चांगला आहे, आणि माझ्या मते पट्ट्याच्या विरोधातला सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. कुंपण जागेवर असतं. जनावराला तार दिसते. तोंड लावलं की बसतो, मागे सरलं की संपतं. कधी बसेल, कधी बसणार नाही हे एक-दोनदा लागल्यावर गायीलाही कळतं आणि ती उरलेलं आयुष्य तारेपासून दोन हात लांब, निवांत चरते. वैतागलेलं कुंपण कोणी पाहिलंय? ते गायीच्या मागे फिरत नाही, तिच्या गळ्यात बांधलेलं नसतं आणि क्रिकेटची मॅच हरली म्हणून ते जास्त जोरात लागत नाही. पट्ट्याची तार अदृश्य असते आणि ती मालकाच्या मनात असते.

उलट बाजूचा एक पुरावा मीच मांडतो, कारण तो लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. 2024मध्ये अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या जॉन्सन आणि विन यांनी 19 कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पळत्या आमिषामागे धावणं थांबवायचं होतं. पट्टा लावलेली कुत्री झटपट थांबली; नुसत्या खाऊवर शिकवलेली थांबली नाहीत. खाऊवाल्या गटांना शिकवायची पद्धतच तोकडी होती असे आक्षेप त्यावर घेतले गेले, पण ते बाजूला ठेवू. पट्टा धावणं थांबवतो, हे मी मान्य करतो. दुखणं प्रभावी असतं. पोलीस कोठडीतही ते प्रभावी असतं. कबुलीजबाब मिळतो, गुन्हेगार मिळतोच असं नाही.

शिवाय त्याच्या समोर लिंकन विद्यापीठाचा 2014चा अभ्यास ठेवावा लागतो. ब्रिटिश सरकारच्या पैशाने झालेला हा अभ्यास 63 कुत्र्यांचा होता, आणि ती सगळी बोलावून न येणारी, म्हणजे वस्तीवाल्यांच्या तक्रारीतलीच कुत्री. एका गटाला पट्ट्याने शिकवलं ते पट्टे बनवणाऱ्यांच्या संघटनेने स्वतः सुचवलेल्या प्रशिक्षकांनी. म्हणजे सर्वांत कसलेले हात, सर्वांत चांगली यंत्रं. तरीही पट्ट्याविना शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा निकाल सरस आला नाही. ताणाच्या खुणा मात्र जास्त दिसल्या. आपल्याकडे हा पट्टा पार्सलने येतो, इंग्रजी माहितीपुस्तिका खोक्यासकट चुलीत जाते आणि रिमोट सातवीतल्या मुलाच्या हाती लागतो.

‘तालुक्याला श्वानप्रशिक्षक कुठे मिळतो? पुण्याहून बोलावू?’ हेही ऐकतो. प्रशिक्षक मिळत नाही हे खरं, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गायी-म्हशींच्या कामातून मान वर काढत नाही हेही खरं. पण प्रशिक्षक नाही म्हणून प्रशिक्षकालाही न पेलणारं हत्यार घरात आणायचं, हा कुठला हिशोब? ज्याला लांब दोरी, भाकरीचे तुकडे आणि महिनाभराचा धीर जमणार नाही, त्याला अचूक क्षणी, अचूक आकड्याचा झटका कसा जमेल?

कुत्रा कोंबड्या मारतो, ही तक्रार घ्या. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत जे जे रोज पाहतं, हुंगतं, ते ते त्याला आपलं वाटतं. मेंढपाळाच्या वाड्यातलं पिल्लू कोकरांच्या उबेत वाढतं, म्हणून मोठं झाल्यावर मेंढरू पळालं तरी त्याच्या मागे लागत नाही. आपण काय करतो? पिल्लू आणतो, चार महिने ओट्याला साखळीने बांधतो, मग एक दिवस सोडतो आणि ते कोंबडीमागे धावलं की आश्चर्य करतो. वय निघून गेलं असेल तरी वाट आहे; पंधरा-वीस फुटांची दोरी, खुराड्यापासून कुत्रा शांत राहील इतकं अंतर, शांत राहिला की तुकडा, मग थोडं जवळ. कंटाळवाणं काम आहे. म्हशीला आचळ धरू द्यायला शिकवतानाही आपण कंटाळत नाही, कारण तिथे दूध असतं.

आणि साखळी. दिवसभर तीन हात साखळीला बांधलेला कुत्रा भुंकतो, उकरतो, येणाऱ्याच्या अंगावर जातो. त्याच 1960च्या कायद्याने आखूड किंवा जड साखळीला जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा मानलाय, हे किती मालकांना माहीत आहे? कुत्र्याचं ‘बिघडलेलं वर्तन’ म्हणून जे दुरुस्तीला येतं, त्यातलं बरंचसं साखळीचं वर्तन असतं. ती सोडवायची सोडून वर पट्टा चढवायचा, म्हणजे तापाच्या रोग्याला गप्प बसवण्यासाठी त्याचं तोंड बांधण्यासारखं झालं.

गळ्यातल्या यंत्राचा एक वेगळा वापर याच जिल्ह्यात झालाय, तोही बिबट्यावर. 2009मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वन विभागाने त्याला काढलं; विद्या अत्रेय यांच्या पुढाकाराने त्याच्या गळ्यात जागा सांगणारी कॉलर बसवली गेली आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. तो चालत चालत, सुमारे 120 किलोमीटर तोडून, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाशी पोचला. ‘आजोबा’ हे त्याचं नाव, आणि 2014मध्ये त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला. बिबटे माणसांच्या इतक्या जवळून, कोणाला न दुखावता कसे जातात, हे त्या कॉलरने आपल्याला शिकवलं. पट्टा असा ऐकण्यासाठीही बांधता येतो. जो आपली कुत्री खातो, त्याच्या गळ्यात आपण तो काय करतो हे कळावं म्हणून यंत्र बांधलं; आणि जो आपल्यासाठी जागतो, त्याच्या गळ्यात, तो काय म्हणतो ते कळून घ्यायचा त्रास वाचावा म्हणून.

बंदीचं म्हणाल तर वेल्सने 2010मध्येच हे पट्टे बेकायदा ठरवले; डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, ऑस्ट्रिया, जर्मनी हे देशही विरोधात आहेत. इंग्लंडचे नियम 1 फेब्रुवारी 2024ला लागू व्हायचे होते, ते संसदेत अडकले. तिथेही पट्टेवाल्यांचं वजन आहे. पण आपल्याला दूरचे दाखले हवेतच कशाला? ज्या विधिमंडळाने बैलासाठी 2017मध्ये कायदा बदलला आणि ज्या विभागाने शर्यतीत बॅटरी नको असं लिहिलं, त्यांना कुत्र्यासाठी तेवढंच एक वाक्य लिहायला अवघड जाऊ नये. जिल्ह्यातल्या आमदारांपैकी जे बैलगाडा शर्यतींसाठी भांडले, त्यांनीच ही मागणी करावी. बैलाच्या बाबतीत पटलेली गोष्ट कुत्र्याच्या बाबतीत पटवायला त्यांच्याइतका योग्य माणूस नाही.

तोवर ज्यांच्या घरी हा पट्टा आहे त्यांना एक विनंती. तो आजच सोडा आणि बोंडांखालची कातडी उजेडात नीट पाहा. चट्टा ओला असेल तर डॉक्टरला दाखवा. पट्टा दुसऱ्याला देऊ नका, निम्म्या किमतीत विकूही नका, कारण तो दुसऱ्याच कुठल्यातरी कुत्र्याच्या गळ्यात जाईल. आणि पैसे घालवायचेच असतील तर जाळीच्या पिंजऱ्यावर घालवा. घर उसाला लागून आहे तोवर त्याची गरज आहे.